धावफलकात न मावलेला झेल

ऑगस्ट १९७१. ओव्हलवर इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत कोसळला आणि भारताने इंग्लंडच्या भूमीवर पहिल्यांदाच कसोटी सामना जिंकला. मालिकाही जिंकली. त्या डावाचा धावफलक आजही सहज सापडतो. त्यात ॲलन नॉटच्या नावापुढे इतकंच आहे: झे. सोळकर गो. वेंकटराघवन १.

एकनाथ सोळकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला, फलंदाजापासून हाताच्या अंतरावर उभे होते. डोक्यावर हेल्मेट नाही. चेंडू नॉटच्या बॅटला लागून समोर उडाला आणि खाली पडू लागला. सोळकरांनी पुढे झेप घेतली, अंग पूर्ण लांबवलं आणि जमिनीला टेकण्याआधी चेंडू उचलला. चंद्रशेखर यांनी त्या डावात ३८ धावांत ६ बळी घेतले आणि तो दिवस त्यांचाच मानला जातो, ते बरोबरच आहे. विस्डेन या क्रिकेटच्या प्रसिद्ध वार्षिकाने १९७२ च्या आवृत्तीत वर्षाच्या पाच क्रिकेटपटूंमध्ये त्यांची निवड केली. सोळकर त्या यादीत कधीच आले नाहीत. २७ कसोटींत ५३ झेल हा हिशेब त्यांच्या नावावर आहे, पण त्यातला सोपा झेल कोणता आणि नॉटचा कोणता हे तो हिशेब सांगू शकत नाही. दोन्हींसाठी धावफलकात तीच दोन अक्षरं असतात: झे. आणि गो.

मग तो झेल आपल्यापर्यंत पोहोचला कसा? कोणीतरी तो डोळ्यांत साठवला, कोणीतरी त्याचं छायाचित्र काढलं, कोणीतरी त्यावर लिहिलं, आणि तो दिवस न पाहिलेल्या लोकांनी ते वाचून पुढच्यांना सांगितलं. क्रिकेटप्रेमींच्या संस्था खेळाडूंना आणि लेखकांना पुरस्कार देतात, त्यांची गरज मला नेमकी इथे दिसते. आयसीसी पुरस्कार देते, प्रत्येक देशाचं क्रिकेट मंडळ देतं, प्रायोजक देतात, प्रत्येक सामन्याला सामनावीर ठरतो. एवढं सगळं असताना हौशी लोकांनी वर्गणी काढून आणखी एक मानचिन्ह कशाला द्यायचं, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. माझं उत्तर असं आहे की बाकीच्यांची नजर जिथे पोहोचत नाही तिथे पाहण्यासाठी द्यायचं. पण तिथेच पाहायचं असेल, तरच. नाहीतर विचारणाऱ्यांचं म्हणणं बरोबर ठरतं.

अशा संस्थांमधली एक जुनी परंपरा इंग्लंडच्या क्रिकेट सोसायटीची. १९४५ मध्ये, महायुद्ध संपल्या संपल्या, ती सुरू झाली तेव्हा तिचं नाव होतं सोसायटी ऑफ क्रिकेट स्टॅटिस्टिशियन्स. म्हणजे आकडेमोड करणाऱ्यांची संस्था. काही वर्षांतच नावातून आकडेमोड गेली आणि फक्त क्रिकेट उरलं. हा बदल मला फार बोलका वाटतो. धावा आणि बळी मोजायला जमलेल्या लोकांना लवकरच कळलं असावं की आपलं प्रेम मोजणीच्या पलीकडचं आहे. या संस्था मुख्यतः हिवाळ्यात भेटतात, मैदानं बंद असतात तेव्हा. जुना एखादा खेळाडू, पंच किंवा लेखक बोलायला येतो, प्रश्न विचारले जातात, वाद होतात. खेळ चालू नसताना खेळाबद्दल बोलायला जमणं, यालाच मी रसिकता म्हणतो.

त्यांच्या पुरस्कारांची यादी पाहिली की संस्थेचं मन कळतं. सोळा वर्षांखालच्या सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटूला इंग्लंडचे थोर फलंदाज सर जॉन (जॅक) हॉब्स यांच्या नावाचं पारितोषिक. त्याच वयोगटातल्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाला ए. ए. थॉमसन यांच्या नावाचं पारितोषिक. हे थॉमसन कोण, तर क्रिकेटवर लिहिणारे लेखक. शाळकरी मुलाच्या क्षेत्ररक्षणाला दिलेल्या बक्षिसावर एका लेखकाचं नाव! हे कोणी ठरवून केलं की योगायोगाने झालं, यात मी जात नाही, पण याहून योग्य जोडी सुचणार नाही. क्षेत्ररक्षकाचं काम धावफलकात उतरत नाही, ते शब्दांतच उतरतं. सोळकरांचा झेल आणि तो लिहून ठेवणारा माणूस, दोघांचं इथे एकाच पारितोषिकात मीलन झालं आहे.

त्याच संस्थेचा वेदरॉल पुरस्कार अर्धशतकाहून अधिक काळ इंग्लंडच्या प्रथम श्रेणी मोसमातल्या सर्वोत्तम अष्टपैलूला दिला जातो. अष्टपैलूच का? कारण शतक ठोकणारा आणि पाच बळी घेणारा यांच्या गर्दीत चाळीस धावा आणि दोन बळी करणारा माणूस हरवतो, आणि तो सतत तेच करत राहिला तर संघ त्याच्याच खांद्यावर उभा असतो. एका मोसमात १००० धावा आणि १०० बळी, ज्याला इंग्लंडात ‘डबल’ म्हणतात, तो पराक्रम १९६७ मध्ये फ्रेड टिटमस यांनी केला. पुढे १९६९ पासून काउंटी सामने कमी झाले आणि लोकांनी ‘डबल’चा नाद सोडून दिला. १९८४ मध्ये नॉटिंगहॅमशायरकडून रिचर्ड हॅडली यांनी ११७९ धावा आणि ११७ बळी असा तो पुन्हा करून दाखवला, १९८८ मध्ये त्याच काउंटीच्या फ्रँकलिन स्टीफन्सन यांनी केला, आणि त्यानंतर कोणालाही जमलेला नाही. मैलाचा दगडच जमिनीत गाडला गेला, तरी त्या वाटेने चालणाऱ्याला शोधत राहणारा पुरस्कार टिकला, याचं मला मोल आहे. आज आयपीएलमध्ये २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअरचा नियम आहे. फलंदाजाच्या जागी गोलंदाज आणि गोलंदाजाच्या जागी फलंदाज उतरवता आला, की दोन्ही थोडं थोडं करणाऱ्याला जागा कुठून मिळणार? खुद्द रोहित शर्मा यांनी अष्टपैलूंच्या दृष्टीने या नियमाबद्दल नापसंती जाहीरपणे बोलून दाखवली. बाजार एखाद्या कलेला अनावश्यक ठरवू लागतो, तेव्हाच तिला रसिकांच्या पाठिंब्याची सर्वांत जास्त गरज असते.

इथे मराठीतल्या दोन शब्दांकडे जरा थांबून पाहिलं पाहिजे: चाहता आणि रसिक. चाहत्याचं प्रेम माणसावर असतं. आपला खेळाडू शून्यावर बाद झाला तरी तो त्याचाच राहतो, आणि त्यात वाईट काही नाही. रसिकाचं प्रेम खेळावर असतं, म्हणून प्रतिस्पर्ध्याचा सुरेख कव्हर ड्राइव्ह पाहूनही त्याच्या तोंडून दाद निघून जाते. आयसीसीने जानेवारी २०२१ पासून महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू निवडायला सुरुवात केली. पुरुषांमधला पहिला मान ऋषभ पंतला मिळाला. या निवडीत जाणकारांच्या मतांना ९० टक्के आणि चाहत्यांच्या मतांना १० टक्के वजन ठेवलेलं आहे. अधूनमधून मागणी होते की चाहत्यांचा वाटा वाढवा, खेळ त्यांचाच आहे. मला ही मागणी लोकशाहीची वाटत नाही. चाहत्यांची संख्या देशाच्या लोकसंख्येवर ठरते. सगळी मतं मोबाइलवरून आली तर न्यूझीलंडच्या गोलंदाजाने कितीही अप्रतिम महिना काढला तरी तो निवडून येणार नाही, कारण त्याचा देशच लहान आहे. रसिकांची संस्था बटण दाबून मत देत नाही. तिची माणसं मोसमभर मैदानात बसतात, टिपणं काढतात, एकमेकांशी भांडतात आणि मग नाव ठरवतात. भांडल्याशिवाय ठरलेल्या नावाला काही वजन नसतं.

आता लेखकांच्या पुरस्काराबद्दल. यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण खेळाडूला दाद द्यायला टाळ्या आहेत, लेखकाला त्याही नाहीत.

क्रिकेट सोसायटी १९७० पासून वर्षातल्या सर्वोत्तम क्रिकेट पुस्तकाला पुरस्कार देते. मध्यंतरी एका वृत्तपत्राचं नाव त्याला जोडलेलं होतं, २००९ पासून मेरिलबोन क्रिकेट क्लब, म्हणजे एमसीसी, त्यात भागीदार आहे. त्याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट रकमेत किंवा समारंभात नाही, रीतीत आहे. पुस्तकांची नावं दोन्ही संस्थांचे सभासद सुचवतात. म्हणजे पुस्तक स्पर्धेत यायचं तर आधी कुणा सामान्य सभासदाने ते वाचलेलं असलं पाहिजे, आणि वाचून त्याला ते इतरांनी वाचावं असं वाटलं पाहिजे. कुठलाही साहित्य पुरस्कार यापेक्षा चांगल्या पायावर उभा राहू शकेल असं मला वाटत नाही.

२००२ चा हा पुरस्कार रामचंद्र गुहा यांच्या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासाला मिळाला. त्या इतिहासाच्या मध्यभागी पळवणकर बाळू आहेत. १८७६ मध्ये धारवाडात जन्मलेला, चांभार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात मैदान राखण्याच्या नोकरीला लागला. पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात तो सरावाला गोलंदाजी टाकायचा. जे. जी. ग्रेग हा तिथला मोठा फलंदाज. बाळूने त्याला बाद केलं की तो दर वेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. तेव्हा संघ धर्मवार असत. हिंदूंच्या संघाने त्याला घेतलं, कारण त्याच्याशिवाय जिंकता येत नव्हतं. पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या पात्रातून चहा दिला जायचा. १९११ मध्ये भारताचा पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्या दौऱ्यात एकट्या बाळूने शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला ते १९२३ मध्ये मिळालं.

धावफलकात यातलं काय आहे? बळींचा आकडा आहे. मातीचं पात्र नाही. कर्णधारपद का मिळालं नाही, हे नाही. ते एका लेखकाने जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून, कागद जुळवून लिहिलं, आणि इंग्लंडातल्या क्रिकेटवेड्या सभासदांच्या संस्थेने त्याला वर्षातलं सर्वोत्तम म्हटलं. बाळू गेल्याला तेव्हा सत्तेचाळीस वर्षं झाली होती. मैदानावर त्याला जे मिळालं नाही, ते पुस्तकाने परत मिळवून दिलं असं मी म्हणणार नाही, तसं काही परत मिळत नसतं. पण त्याची गोष्ट पुन्हा वाचली जाऊ लागली, आणि कोणत्याही मंडळाच्या वार्षिक समारंभात हे घडलं नसतं.

घडलं नसतं असं मी ठामपणे म्हणतो, कारण मंडळाला लेखकाचा गौरव करण्याचा नैतिक अधिकारच नाही. लेखकाचं कामच मंडळाकडे डोळे वटारून पाहण्याचं आहे. निवड चुकली, पैसा कुठे गेला, स्थानिक क्रिकेटचे सामने रिकाम्या मैदानांवर का होतात, हे त्याने विचारायचं. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याच हातून मानचिन्ह घेतलं की पुढचं वाक्य लिहिताना हात जड होतो. समालोचकांचे करार मंडळाशी किंवा प्रक्षेपकाशी असतात, मग त्यांचं बोलणं किती गुळगुळीत होतं ते आपण रोज ऐकतो. वृत्तपत्रांची पानं कमी झाली, दौऱ्यावर स्वतःचा वार्ताहर पाठवणं अनेकांना परवडत नाही. अशा काळात लेखकाला दाद देणारा एकच तिसरा पक्ष उरतो, तो म्हणजे वाचक. वाचकांची संघटित संस्था जेव्हा लेखकाला पुरस्कार देते तेव्हा त्या व्यवहारात कुणीच कुणाचं देणं लागत नाही.

ऑस्ट्रेलियन क्रिकेट सोसायटीही जॅक पोलार्ड या क्रिकेट लेखकाच्या नावाने पुस्तकांना पुरस्कार देते. इंग्लंडातल्या क्रिकेट पत्रकारांच्या क्लबने १९५० पासून वर्षाचा उदयोन्मुख क्रिकेटपटू निवडला आहे. पहिला मान रॉय टॅटर्सल यांचा, पुढच्याच वर्षांत पीटर मे, फ्रेड ट्रूमन, कॉलिन काउड्री ही नावं आली. तिथे लिहिणारे खेळणाऱ्यांना निवडतात. सोसायटीत वाचणारे लिहिणाऱ्यांना निवडतात. खेळाडू, लेखक आणि वाचक अशी ही साखळी आहे, आणि तिच्यात मंडळाची कडी लागत नाही.

आकड्यांच्या लोकांनाही मी यात धरतो. त्यांना कोरडे समजणारे त्यांना ओळखत नाहीत. जॅक हॉब्स यांची प्रथम श्रेणी शतकं किती? विस्डेन वर्षानुवर्षं सांगत आलं १९७. क्रिकेट संख्याशास्त्रज्ञ आणि इतिहासकारांची संघटना, जी १९७३ मध्ये स्थापन झाली, ती सांगते १९९. हा दोन शतकांचा फरक १९३०-३१ च्या मोसमातला. तेव्हा हॉब्स विजयनगरमच्या महाराजकुमारांच्या संघातून भारत आणि सिलोनमध्ये खेळले होते. ते सामने प्रथम श्रेणीचे धरायचे की नाहीत, यावर हा वाद आहे. डब्ल्यू. जी. ग्रेस यांची शतकं १२६ की १२४, हाही तसाच. मेलेल्या माणसाच्या दोन शतकांसाठी भांडणाऱ्यांना कोणी वेडे म्हणो. या वेडामुळेच आपल्याला कळतं की एका मोठ्या फलंदाजाने आशियातल्या मैदानांवर केलेल्या धावा मोजायच्या की मोजायच्या नाहीत हाही एक निर्णय आहे, आणि तो कुणीतरी घेतलेला असतो. अशा माणसांना पुरस्कार देणारं दुसरं कोण आहे?

या संस्थांवरचे आक्षेप मी टाळणार नाही. पहिला आक्षेप असा की हे म्हाताऱ्या पुरुषांचे अड्डे आहेत. पूर्वी खरंच होते, काही आजही असतील. एमसीसीची स्थापना १७८७ ची, आणि स्त्रियांना सभासदत्व द्यायचं ठरलं १९९८ मध्ये. दोनशे अकरा वर्षं! रेचेल हेहो फ्लिंट यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं दार ठोठावलं. त्याच बाईंच्या नेतृत्वाखाली इंग्लंडने १९७३ मध्ये पहिला महिला विश्वचषक जिंकला होता, पुरुषांचा पहिला विश्वचषक व्हायच्या दोन वर्षं आधी. शिवाय त्या स्वतः क्रिकेटवर लिहीतही असत. विस्डेनच्या पाच क्रिकेटपटूंमध्ये पहिली स्त्री आली ती २००९ मध्ये, क्लेअर टेलर. ही निवड १८८९ पासून सुरू आहे, म्हणजे एकशे वीस वर्षं लागली. रसिकतेची नजर रुंद असते असं मी वर म्हटलं, पण ही उदाहरणं समोर असताना ते बिनशर्त म्हणता येत नाही. रसिकही आपल्यासारख्याच माणसांकडे आधी पाहतो. म्हणून निवड समितीत कोण बसतं हा गौण प्रश्न नाही. समितीत एकही स्त्री नसेल आणि तिशीच्या आतलं कोणी नसेल, तर त्या समितीने दिलेला पुरस्कार गेल्या पिढीच्या आठवणींनाच मिळत राहणार.

दुसरा आक्षेप भाषेचा, आणि तो मला जास्त टोचतो. क्रिकेटवर मराठीत लिहिलं जातं, बंगालीत, उर्दूत, सिंहलीत लिहिलं जातं. लंडनमधल्या सभासदांनी ते वाचून निवडावं अशी अपेक्षा करणं चूक आहे. ज्यांना ती भाषा येते त्यांनीच ते करायचं. आपण क्रिकेटवर इतके बोलतो, पण आपल्या भाषेतलं क्रिकेटचं एखादं पुस्तक वाचून त्याच्यासाठी भांडलेली किती माणसं आपल्याला आठवतात? खेळाडूच्या सत्काराला सभागृह भरतं. त्याच खेळाडूवर चार वर्षं खपून लिहिणाऱ्याला मात्र खुर्ची शोधावी लागते. जिथे क्रिकेटप्रेमींची मंडळं आहेत, तिथे त्यांनी खेळाडूइतकाच मान लेखकाला द्यावा, ही माझी मागणी आहे. वेगळा, छोटा, संध्याकाळच्या शेवटी उरकायचा मान नको. त्याच मंचावर, त्याच वेळी.

तिसरी गोष्ट निकषांची. पुरस्काराची मोजपट्टी चुकीची असली की खेळच वाकतो. इंग्लंडच्या मोसमातल्या सर्वांत वेगवान शतकाला वॉल्टर लॉरेन्स चषक दिला जातो. लॉरेन्स हे बांधकाम व्यावसायिक, क्रिकेटचे निस्सीम प्रेमी, आणि हा चषक त्यांनी १९३४ मध्ये सुरू केला. पहिल्या वर्षी तो फ्रँक वूली यांनी ६३ मिनिटांच्या शतकासाठी मिळवला. तेव्हा मिनिटं मोजली जात. १९८३ मध्ये लँकेशायरच्या स्टीव्ह ओशॉनेसी यांनी लीस्टरशायरविरुद्ध ३५ मिनिटांत शतक केलं आणि पर्सी फेंडर यांच्या १९२० च्या विक्रमाशी बरोबरी केली. पण समोरून गोलंदाजी कसली चालली होती? नेहमीचे फलंदाजच मुद्दाम हलके चेंडू टाकत होते. यात ओशॉनेसींचा दोष शून्य, त्यांच्यापुढे जे आलं ते त्यांनी मारलं. दोष घड्याळाचा. पुढे त्या चषकाचा हिशेब मिनिटांवरून चेंडूंवर आला. म्हणून निकष लिहून ठेवावेत, जाहीर करावेत, आणि चुकले तर बदलावेत. बदलण्यात कमीपणा नाही.

पैशाचं मी अनुभवाने सांगतो. काही वर्षं मी एका लहान क्रिकेटप्रेमी मंडळाच्या निवड समितीत काम केलं. एकदा एका देणगीदाराने मोठी रक्कम देऊ केली. अट एकच, की समारंभाला स्वतः येईल अशाच खेळाडूला पुरस्कार द्यायचा, आणि तो नावाजलेला हवा. म्हणजे छायाचित्र छापून येईल. आमच्यातल्या काहींना त्यात वावगं वाटलं नाही. पुरस्कार घ्यायला माणूस हजर असावा, एवढंच तर ते म्हणत आहेत. मी समितीत सगळ्यांत लहान होतो, पण बोललो. निवड आधी झाली पाहिजे, हजेरी नंतर. हजेरीवरून निवड करायची तर समितीची गरजच काय? दोन बैठका कडाक्याचं भांडण झालं. रक्कम परत केली. त्या वर्षीचा पुरस्कार म्हणजे एक पुस्तक आणि सभासदांच्या सह्यांचं पत्र होतं, आणि ज्याला तो दिला तो दौऱ्यावर असल्यामुळे आला नाही. त्याच्या वतीने त्याच्या बहिणीने घेतला. माझ्या मते आम्ही दिलेला तो सर्वांत चांगला पुरस्कार.

आणखी एक गोष्ट संस्थांनी करायला शिकली पाहिजे, ती म्हणजे पुरस्कार न देणं. एखाद्या वर्षी चांगलं पुस्तक आलं नाही, तर त्या वर्षी कुणालाच देऊ नये. खेळाडूच्या नावावर दुसऱ्यानेच घाईघाईत लिहिलेलं, निवृत्तीच्या महिन्यात बाजारात आलेलं आत्मचरित्र केवळ नावामुळे मंचावर चढू नये. रिकामी ठेवलेली एक जागा पुढच्या दहा विजेत्यांची किंमत वाढवते.

त्याच मंडळात शालेय क्षेत्ररक्षकासाठी एक पारितोषिक होतं. क्षेत्ररक्षणाचे आकडे तर कुणाकडेच नसतात, मग निवडायचं कसं? आमच्यात एक निवृत्त गुणलेखक होते. काका म्हणायचो आम्ही त्यांना. ते मोसमभर शाळांचे सामने पाहत, सीमारेषेबाहेर घडीच्या खुर्चीवर बसून. त्यांच्याजवळ गुणलेखनाच्या वहीखेरीज दुसरी एक वही असायची. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला एक ओळ. धाव वाचवली की उभी रेघ, सोडली की आडवी, झेल सुटला तरी त्यासाठी झेपावला असेल तर एक लहानसं वर्तुळ. या वर्तुळावर आमचा वाद व्हायचा. झेल सुटल्याची नोंद चांगल्या खात्यात कशी, असं मी विचारायचो. ते म्हणायचे, दुसरा कुणी तिथे पोहोचलाच नसता.

एका वर्षी त्या वहीवरून जे नाव निघालं तो मुलगा नवव्या क्रमांकावर फलंदाजी करायचा आणि गोलंदाजी टाकत नव्हता. संघात आपण कशासाठी आहोत हे त्याला स्वतःलाही नीट माहीत नसावं. पत्र मिळाल्यावर तो वडिलांना घेऊन आमच्या बैठकीच्या जागी आला. काहीतरी चूक झाली असेल, दुसऱ्या कुणाचं पत्र आपल्याकडे आलं असेल, असं त्याला वाटत होतं. काकांनी त्याच्याशी फार काही बोलणं केलं नाही. वही उघडली, त्याचं पान काढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. त्यावर तारखा होत्या, प्रतिस्पर्धी शाळांची नावं होती आणि त्यांपुढे एकामागून एक उभ्या रेघा. मुलगा बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेला. एका वर्तुळापाशी थांबला. ‘हा माझ्याकडून सुटला होता,’ तो म्हणाला.

‘हो,’ काका म्हणाले, ‘म्हणूनच लिहून ठेवला.’